फोनिक्सचं ॲप: मुलाच्या हातात देण्याआधी काय करावं, नंतर कोणत्या क्रमानं जावं

पाच वर्षांची मुलगी. फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या, ॲपमध्ये चाळिसाव्या पातळीवर पोचलेली, रोज तारे मिळवणारी. मी पाटीवर पी, आय, एन ही तीन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली आणि म्हटलं, "वाच बरं." तिनं "पी, आय, एन" म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिली. 'पिन' हा शब्द तिला माहीत होता, फ्रॉकला लावलेलीसुद्धा होती, पण पाटीवरच्या तीन अक्षरांतून तो तिला ऐकू आला नाही.

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा इंदूरच्या मराठी घरांतून मुलं माझ्याकडे येतात, आणि दर वर्षी हाच प्रसंग पुन्हा घडतो. आईबाबांनी कष्ट घेतलेले असतात, ॲपही अनेकदा चांगलं असतं; बिघडलेला असतो तो क्रम. आपल्या मुलांची घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी तीन भाषांची ये-जा असते, आणि परदेशात बनलेल्या ॲपला याची कल्पना नसते. ती जोड घरातल्या मोठ्या माणसालाच द्यावी लागते. आई, बाबा, आजी, आजोबा, कुणीही चालेल, पण शक्यतो रोज एकच माणूस.

एक खूण आधी समजून घ्या. पुढे 'एस', 'टी', 'एन' असं लिहिलं असेल तिथे ते अक्षराचं नाव आहे. 'स्', 'ट्', 'न्' असं पाय मोडून लिहिलं असेल तिथे तो आवाज आहे. मुलालाही हा फरक पहिल्याच दिवशी सांगा: आपल्या मांजरीचं नाव मनी, पण ती आवाज काढते म्याँव. तसं या अक्षराचं नाव एस, पण ते म्हणतं स्स्स्.

## टप्पा १: आधी स्वतःचे आवाज तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला दोन संध्याकाळी द्या. मूल समोर नको.

आपण मराठी माणसं 'क' म्हणतो तेव्हा त्यात 'अ' आपोआप येतो. फोनिक्समध्ये तो चालत नाही. मूल "कअ, ॲ, टअ" असं शिकलं तर जोडल्यावर "कअॅटअ" होतं, 'कॅट' होत नाही. मग ते मूल जोडायचं सोडून देतं आणि चित्र बघून अंदाज सांगायला लागतं.

शुद्ध आवाज सापडण्याची सोपी युक्ती आपल्याच बोलण्यात आहे. मराठी शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही. 'माप' म्हणा आणि शेवटी थांबा: ओठ मिटलेले राहतात, तोच प्. 'पाट' म्हणून थांबा: तो ट्. 'नाक'मधला शेवटचा क्, 'पान'मधला न्, 'घास'मधला स्. पहिल्या काही आवाजांसाठी हे शब्द कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हा कागद तुमच्यासाठी आहे, मुलासाठी नाही.

तपासा: आरशासमोर 'म्म्म्' म्हणा. म्हणून झाल्यावर ओठ मिटलेले असले पाहिजेत. तोंड उघडलं, म्हणजे शेवटी 'अ' शिरला.

आता स्वर. अक्षरांची नावं आधी पाठ झालेल्या मुलांचा गोंधळ इथे का होतो ते बघा. 'ए' नावाच्या अक्षराचा आवाज ॲ, जसा 'बॅट'मध्ये. 'ई' नावाच्या अक्षराचा आवाज आखूड ए, जसा 'पेन'मध्ये. 'आय' नावाच्या अक्षराचा आवाज इ, 'पिन'मधला. 'ओ'चा ऑ, 'हॉट'मधला. 'यू'चा अ, 'कप'मधला. म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याच्या आवाजाजवळ जातं, म्हणून नावं आणि आवाज एकाच बैठकीत कधीही शिकवू नका.

'ए'बद्दल दोन गोष्टी. आपली नावं इंग्रजीत लिहिताना अ आणि आ या दोन्हींसाठी आपण 'ए' वापरतो: अमोल, आरती, कमल. त्यामुळे मुलाच्या स्वतःच्या नावापासून फोनिक्स सुरू करण्याचा मोह होतो. करू नका. नाव लिहायला वेगळं शिकवा, एखादं चित्र शिकवल्यासारखं. दुसरी गोष्ट: शाळेत आणि गल्लीत मूल 'बैट', 'कैट' ऐकतं, कारण हिंदीत तो स्वर ऐच्या मात्रेनं लिहितात. मराठीत ॲसाठी वेगळी खूण आहे आणि कानही त्याला सरावलेला आहे. 'पेन' आणि 'पॅन', 'मेन' आणि 'मॅन' असे जोडीचे शब्द मोठ्यानं म्हणून आधी स्वतःचा फरक पक्का करा.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींना आपण 'व' म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. 'एफ'लाही दात ओठावर, आणि हवा लांबवर सोडायची. तो मराठी 'फ'सारखा फुटत नाही. 'झेड'साठी 'स्स्स्' म्हणता म्हणता घशातून आवाज काढा, माशी घोंघावल्यासारखा. 'टी-एच'च्या बाबतीत मात्र माझं मत असं की आपला थ आणि द पुरेसा आहे. त्यावर मुलाला अडवण्यात वेळ घालवू नका.

## टप्पा २: ॲपची परीक्षा तुम्ही घ्या

दहा मिनिटं, इअरफोन लावून, मूल झोपल्यावर. जाहिरात किंवा शेजारच्यांची शिफारस यावर जाऊ नका, स्वतः ऐका.

१. पी, टी, बी, डी या अक्षरांवर बोट लावा. ॲप 'प्' म्हणतं की 'पअ'? 'पअ' म्हणत असेल तर ते ॲप तिथेच काढून टाका.

२. चित्रं बघा. ए-ॲपल, यू-अंब्रेला बरोबर आहेत. पण आय-आइस्क्रीम चूक, कारण तिथला पहिला आवाज इ नाही. जी-जिराफ, सी-चेअर, ओ-आउल, एक्स-झायलोफोन हीसुद्धा फोनिक्सच्या दृष्टीनं चुकीची उदाहरणं. अशी दोनतीन दिसली तर ओळखा की हे वर्णमालेचं ॲप आहे, फोनिक्सचं नाही.

३. लहान लिपीतली अक्षरं दाखवतं का? पुस्तकातला जवळजवळ सगळा मजकूर लहान लिपीत असतो. फक्त कॅपिटल शिकवणारं ॲप नको.

४. मुद्दाम चुकीची उत्तरं द्या. तीन पर्यायांवर एकामागून एक बोट मारल्यावरही शेवटी टाळ्या वाजत असतील, तर मूल दोन दिवसांत तेच शिकेल.

५. उच्चार कुठला आहे ते ऐका. अमेरिकी ॲपमध्ये 'हॉट' हा 'हाट'सारखा ऐकू येतो. आपल्या शाळांत बहुतेक 'हॉट' म्हणतात. ॲप चांगलं असेल तर एवढ्यासाठी सोडू नका, पण 'ओ' हे अक्षर ॲपवर न शिकवता तुम्ही तोंडी शिकवा.

मी स्वतः दोन ॲप्सपासून सुरुवात करायला सांगते: खान अकॅडमी किड्स आणि ड्युओलिंगो एबीसी. दोन्ही फुकट आहेत. टीच युअर मॉन्स्टर टू रीड हे ब्रिटिश उच्चाराचं ॲप आवाज जोडायला शिकवण्यात चांगलं आहे. एका वेळी एकच ॲप ठेवा. तीन ॲप्स म्हणजे अक्षरांचे तीन वेगळे क्रम, आणि मुलाच्या डोक्यात त्यांची खिचडी.

सावधान: मुलाच्या शाळेत फोनिक्स कोणत्या क्रमानं चालतं ते बाईंना आधी विचारा. 'जॉली फोनिक्स' ही पद्धत असेल तर एस, ए, टी, आय, पी, एन अशी सुरुवात होते. ॲपमधला धडा त्या क्रमानं निवडा. शाळेत ए-बी-सी-डीच्या क्रमानं कॅपिटल चालू असतील, तरी भांडू नका. शाळेत अक्षरांची नावं, घरी आवाज, एवढं मुलाला समजतं.

## टप्पा ३: फोन तयार करा

यात फार काही नाही, पण एकही गोष्ट गाळू नका. सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' शोधून सुरू करा (आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस'), म्हणजे मूल त्या ॲपबाहेर जाऊ शकणार नाही. व्हॉट्सॲपची सूचना येऊ नये म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. ॲपच्या नावाखाली जाहिराती किंवा ॲपमधली खरेदी असं लिहिलं असेल तर शक्यतो दुसरं शोधा.

आवाजाचं बघा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलर दिवसभर चालतो आणि त्या घरघरीत स्, फ्, थ् हे बारीक आवाज बुडतात. तेवढी पंधरा मिनिटं कूलर बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद. मुलाला इअरफोन लावू नका. मूल काय ऐकतंय आणि काय म्हणतंय, दोन्ही तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

## टप्पा ४: पंधरा दिवस कानाचे खेळ, फोन बंद

हा टप्पा लोक गाळतात. गाळलात तर पुढचा सगळा डोलारा डळमळतो.

कारण असं. मराठी बोलणारं मूल शब्द अक्षरांत तोडतं: क-म-ळ, पा-टी. आपली लिपी तशी आहे, बडबडगीतं तशी आहेत, टाळ्याही आपण तशाच वाजवतो. 'बस' शब्दात किती तुकडे, असं विचारलं तर ते दोन म्हणतं: ब, स. फोनिक्सला मात्र तीन हवे असतात: ब्, अ, स्. ॲप "क्, ॲ, ट्" म्हणतं तेव्हा आपल्या मुलाच्या कानाला "कॅ, ट" एवढंच पटतं. हा अक्षराच्या पोटातला स्वर वेगळा ऐकू यायला शिकवणं हे या पंधरा दिवसांचं काम.

सामान: दहा चिंचोके किंवा बटणं, आणि फरशीवर खडूनं काढलेले तीन चौकोन.

पहिले चार-पाच दिवस स्वरानं सुरू होणारे छोटे मराठी शब्द घ्या: ऊस, ऊन, एक, आग, आठ, ओठ. यांत अक्षरांचे तुकडे आणि आवाजांचे तुकडे सारखेच पडतात, त्यामुळे मुलाला यश मिळतं. तुम्ही सावकाश म्हणा, "ऊ… स्", मुलानं प्रत्येक आवाजाला एक चिंचोका चौकोनात सरकवायचा.

मग तीन आवाजांचे: नाक, पान, तूप, मीठ, पाट, भात. इथे मूल दोनच चिंचोके ठेवेल: ना, क. रागवू नका. 'ना' लांबवा, "न्न्न्… आ…". तोंड कसं बदललं ते दाखवा, आणि मधला चिंचोका स्वतः ठेवा. दोनतीन दिवसांत मूल तो स्वतः ठेवायला लागतं. शेवटचे काही दिवस घरात रोज बोलले जाणारे इंग्रजी शब्द घ्या: कप, पिन, बस, बॅट, टब, मग.

उलटा खेळ जेवताना आणि नाश्त्याला. "ताटात त्… ऊ… प् वाढू का?" मुलानं 'तूप' म्हणायचं. "पोह्यांवर श्… ए… व् घालू?" इंदूरच्या घरात याचं उत्तर फार लवकर येतं. हा खेळ दिवसातून पाच वेळा झाला तरी मुलाला अभ्यास वाटत नाही, आणि वाचनात आवाज जोडताना हेच कौशल्य लागतं.

तपासा: तुम्ही तोडून म्हटलेल्या दहा शब्दांपैकी आठ मूल जोडून सांगतं का? सांगत असेल तर पुढे जा. नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा. मूल पुन्हा पुन्हा "काय?" विचारत असेल, सर्दीनं कान सारखे दुखत असतील, तर फोनिक्सआधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ५: पहिले सहा आवाज

एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप, सिट असे बरेच शब्द बनतात, म्हणून ही सहा आधी. दोन दिवसांत एक नवा आवाज, त्याहून वेगात नाही.

रोजची बैठक साधारण पंधरा मिनिटांची, याच क्रमानं:

१. तीन मिनिटं कानाचा खेळ. चिंचोके, फोन दूर.

२. पाच ते सात मिनिटं ॲप. तुम्ही शेजारी, फोन दोघांच्या मध्ये. ॲपनं आवाज म्हटला की मुलानं म्हणायचा, मग तुम्ही. बोट लावण्याआधी तोंडानं म्हणायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून. तुमचा तळहात पडद्यावर आडवा धरा, मुलानं उत्तर म्हटलं की हात काढा.

३. पाच मिनिटं पाटी, किंवा ताटात पसरलेला रवा. नुकतंच ऐकलेलं अक्षर बोटानं गिरवायचं, गिरवताना आवाज म्हणायचा, नाव नाही.

ॲप मधे ठेवण्याचं कारण आहे. सुरुवातीला दिलं तर मूल त्यानंतर पाटीकडे बघत नाही, आणि शेवटी ठेवलं तर ते बक्षीस होतं, मग आधीचं सगळं घाईत उरकलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून एका तासाहून जास्त स्क्रीनसमोर बसू नये, आणि कमी असेल तितकं बरं. फोनिक्सची सात मिनिटं याच हिशेबातली. कार्टून तासभर आणि वर हे, असं नाही.

सावधान: ॲपमधला परदेशी आवाज 'पिन' म्हणतो तेव्हा आपल्या कानाला तो 'फिन'सारखा, 'टेन' हा 'ठेन'सारखा आणि 'कॅट' हा 'खॅट'सारखा वाटतो, कारण इंग्रजी भाषक शब्दाच्या सुरुवातीच्या प्, ट्, क् वर हवेचा झोत सोडतात. मूल तंतोतंत नक्कल करतं. मग शाळेतल्या बाई चूक म्हणतात आणि मुलाला कळत नाही काय चुकलं. तळहात तोंडासमोर धरून 'प' आणि 'फ'मधला वाऱ्याचा फरक दाखवा आणि आपल्या घरात आपला प् ठेवा.

आणखी एक: बी आणि डी एका आठवड्यात कधीही शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर किमान तीन आठवडे जाऊ द्या. शाळेत देवनागरी सुरू असेल तर तो अभ्यास आणि हा, यांत जेवणाचा किंवा खेळाचा खंड ठेवा.

तपासा: सहा अक्षरं चिठ्ठ्यांवर लिहा, पत्ते पिसतात तशा पिसा आणि एकेक दाखवा. मूल नाव न सांगता आवाज सांगतं का, आणि तीन सेकंदांत सांगतं का? ॲपमधले तारे मोजू नका, चिठ्ठ्या मोजा.

## टप्पा ६: जोडणं

इथे बहुतेक मुलं अडकतात. मूल "स्, ॲ, ट्" अगदी बरोबर म्हणतं आणि मग म्हणतं "टॅप", किंवा गप्प बसतं. तीन सुटे आवाज डोक्यात धरून ठेवणं त्याला जड जातं. ॲपमध्ये बाण सरकतो, गाणं वाजतं आणि ॲप स्वतःच 'सॅट' म्हणून मोकळं होतं. ऐकून म्हटलेलं ते वाचन नव्हे.

आपल्याकडे यासाठी बाराखडी आहे. क् आणि आ मिळून का, हे आजीला शिकवावं लागत नाही. तेच इथे करा:

१. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे कापा, प्रत्येकावर लहान लिपीत एक अक्षर.

२. आधी दोन आवाजांचे शब्द: ॲट, इन, इट, ॲन. दोन तुकड्यांत थोडं अंतर ठेवा. मूल पहिला आवाज म्हणत म्हणत तो तुकडा दुसऱ्याकडे सरकवत नेतं. तुकडे भिडले की आवाजही भिडला पाहिजे. मधे श्वास घ्यायचा नाही.

३. मग तीन. तिसरा तुकडा हातानं झाका. "स्स्स्… ॲ… सॅ." हे बाराखडीचं अक्षर झालं. आता हात काढा. "सॅ… ट्. सॅट." म्हणजे तीन सुटे आवाज धरून ठेवण्याऐवजी मुलाला एका वेळी दोनच गोष्टी जोडाव्या लागतात.

४. सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी: सॅट, सिट, सिप, नॅप. स् आणि न् हवे तितके ताणता येतात. प् आणि ट् ताणता येत नाहीत, म्हणून पिन, टॅप, टिन, टिप हे शब्द चार-पाच दिवसांनी.

५. शब्द वाचून झाला की अर्थ, लगेच आणि करून. 'सॅट' म्हणजे बसला, बसून दाखवा. 'टॅप' म्हणजे नळ, उठून नळाला हात लावून या. 'नॅप' म्हणजे डुलकी. मूल शब्द वाचतं आणि त्याला अर्थ माहीत नसतो, ही अवस्था आपल्या घरांत इंग्रजीच्या बाबतीत फार दिसते. अर्थाविना वाचलेले शब्द महिनाभरात विसरतात.

मग ॲपचं काय? या टप्प्यात ॲपचा आवाज बंद करा. शब्द पडद्यावर आला की मूल वाचेल, मग तुम्ही आवाज वाढवून ॲपकडून खात्री करून घ्या. शब्दाशेजारी चित्र असेल तर त्यावर कागदाचा तुकडा धरा. एका मुलानं माझ्यासमोर 'टिन'ला "डबा" म्हटलं होतं, तेही अक्षरांकडे न बघता. चित्र झाकल्याशिवाय त्याच्या आईला ते कळलं नसतं.

'स्पिन', 'स्नॅप' असे शब्द अजून नकोत. ते आले की गल्लीतल्या 'इस्कूल', 'इस्टेशन'च्या सवयीनं मुलं 'इस्पिन' म्हणतात. तेव्हा पुन्हा आपली जोडाक्षरं उपयोगी पडतात: 'स्नान', 'स्पष्ट' म्हणायला लावा आणि मग 'स्नॅप'.

तपासा: बिनअर्थाचे शब्द द्या. नॅस, टिस, पॅस. "हे परग्रहावरच्या प्राण्याचं नाव आहे" असं सांगा. मूल ते वाचू शकलं तर ते खरंच जोडतंय, पाठ केलेलं सांगत नाही. इंग्लंडमध्ये २०१२पासून शाळेच्या 'इयर वन' वर्गातल्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या, मुलांची फोनिक्सची जी तपासणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी २० शब्द याच कारणासाठी बिनअर्थाचे असतात.

## टप्पा ७: फोडून लिहिणं

वाचायला आलेला शब्द आठवड्याभरात लिहायला द्या. तुम्ही 'टॅप' म्हणा. मूल तीन चिंचोके ठेवेल, मग प्रत्येक चिंचोक्याच्या जागी तुकडा ठेवेल, मग पाटीवर लिहील. फोनच्या कीबोर्डवर लिहायला देऊ नका, तो पुढचं अक्षर आणि पूर्ण शब्द स्वतःच सुचवतो. मधला स्वर गाळला, 'टीपी' असं लिहिलं, तर चौथ्या टप्प्याचा मधला चिंचोका अजून पक्का नाही. दोन दिवस तिकडे परत जा.

## टप्पा ८: पुढचे आवाज आणि पहिली वाक्यं

पुढचा गट सी, के, ई, एच, आर, एम, डी. सी आणि के दोन अक्षरं, आवाज एकच क्, हे सरळ सांगा. त्यानंतर जी, ओ, यू, एल, एफ, बी. पद्धत तीच, म्हणून पुन्हा सांगत नाही. प्रत्येक गटाला तीन-चार आठवडे धरा. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज सुमारे ४४, त्यामुळे पुढे एस-एच मिळून श्, सी-एच मिळून च् अशा जोड्या येतील. त्या एकाच चिठ्ठीवर, खाली एक रेघ मारून लिहा, म्हणजे मूल त्यांना दोन आवाज समजणार नाही.

काही शब्द या नियमात बसत नाहीत: द, टू, वॉज, सेड. आठवड्याला एक-दोनच घ्या, आणि "हा शब्द हट्टी आहे" असं सांगून. ॲपनं एकदम वीस दाखवले तर तो धडा सोडा.

पहिली वाक्यं कागदावर: "अ पिन इन अ टिन." "सिट इन अ व्हॅन." शाळेची व्हॅन दारात येतेच, तेव्हा दुसरं वाक्य तिथेच वाचायला द्या.

मुलाचं वाचन ऐकून शाबासकी देणारी ॲप्स आता उपयोगाची, आधी नाही. गूगलनं २०१९मध्ये भारतात 'बोलो' नावानं आणलेलं आणि पुढे 'रीड अलाँग' झालेलं ॲप या प्रकारचं. अशी ॲप्स लहान मुलाचा आवाज किंवा आपला उच्चार कधीकधी चुकीचा ठरवतात. मूल बरोबर वाचत असेल तर "तुझं बरोबर आहे" असं ठामपणे सांगा आणि पुढच्या शब्दावर जा. यंत्रासमोर तोच शब्द आठ वेळा म्हणायला लावलेलं मूल वाचनाला घाबरतं, हे मी पाहिलं आहे.

## अडलं तर

आवाज येतात पण जोडता येत नाही: टप्पा ४, जेवणाच्या ताटावरचा खेळ, एक आठवडा. अक्षर लिहू नका.

ॲपमध्ये येतं, कागदावर येत नाही: ॲप दहा दिवस पूर्ण बंद. फक्त पत्रिकेचे तुकडे.

मूल फोनसाठी रडतं: बैठकीची वेळ ठरवून टाका आणि फोन दुसऱ्या मोठ्या माणसाकडे असू द्या. बैठक संपली की लगेच हातात काहीतरी द्या: खेळणं, पाटी, सोलायला मटार.

दोन मोठ्या माणसांचे आवाज वेगळे: आई 'प्' म्हणते, आजी 'पअ'. टप्पा १ दोघींनी एकत्र करायचा.

सहा-सात महिने नियमित करूनही पहिले सहा आवाज टिकत नसतील तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. घरी आणखी ताण देऊ नका.

आणि मूल कागदावरचे तीन आवाजांचे शब्द न अडखळता वाचायला लागलं की त्या पहिल्या ॲपचं काम झालं, ते काढून टाका. चाचणी मुदतीत पैसे भरण्याची संमती दिली असेल तर आधी प्ले स्टोअरमध्ये जाऊन सदस्यत्व रद्द करा. नुसतं ॲप काढल्यानं पैसे कापले जाणं थांबत नाही.